मार्शल टिल्सन, मेयरची डुकरीण आणि कुंपणावरचा कावळा

ओबेड टिल्सनने अकरा वर्षांच्या मार्शलकीत एकदाच गोळी झाडली, आणि ती गावच्या पंपाला लागली. पंपाचा काही गुन्हा नव्हता. त्या दिवसापासून पंपाला दोन धारा लागल्या आणि एका वेळी दोन बादल्या भरण्याची सोय झाली, म्हणून बटरमिल्क गावच्या बायकांनी ती गोष्ट फारशी लावून धरली नाही.

पूर्वेकडच्या शहरांतून येणाऱ्या दहा-दहा सेंटांच्या स्वस्त पुस्तकांत मार्शल लोक दर चार पानांना एक माणूस आडवा करतात. ओबेडने तसलं एक पुस्तक वाचलं होतं आणि मध्येच ठेवून दिलं होतं, कारण त्यातल्या मार्शलला डुकरं कधी पकडावीच लागत नव्हती. ओबेडचं निम्मं आयुष्य डुकरांमागे गेलं. मोकाट डुकरं धरून कोंडवाड्यात घालायची, कुत्र्यांच्या गळ्यात बिल्ले आहेत की नाही पाहायचं, हिवाळ्याच्या तोंडावर घरोघरची धुराडी तपासायची. उन्हाळ्यात टेक्सासहून गुरांचे कळप घेऊन पोरं यायची, तेव्हा वेशीवरच त्यांची पिस्तुलं काढून घेऊन चरबीच्या रिकाम्या पिंपात ठेवायची आणि जाताना ज्याची त्याला परत द्यायची. अकरा वर्षांत एकाही पिस्तुलाची अदलाबदल झाली नव्हती. ओबेडला या गोष्टीचा फार अभिमान होता, पण ती ऐकायला कुणी थांबत नसे.

माणूस एकावन्न वर्षांचा, उंच, मिशा गव्हाच्या पेंढीसारख्या. उजवा गुडघा पायरी उतरताना वाजायचा, त्यामुळे चोरपावलांनी जाणं त्याला जन्मात जमलं नाही. तुरुंग म्हणजे एक कोठडी, आणि कोठडीमागे त्याची खोली. खोलीत एक खाट, एक शेगडी आणि उत्तरेच्या खिडकीशी एक टेबल. खिडकीबाहेर गवत. ते वाऱ्याबरोबर एका बाजूला झुकायचं, मग कुणी हाक मारावी तसं सगळंच्या सगळं दुसऱ्या बाजूला वळायचं. मार्शलकीचा बिल्ला गेला असता तर ही खोलीही जाणार होती, आणि खोलीबरोबर ते टेबल. बिल्ल्याचं त्याला एवढं काही नव्हतं. जीव अडकला होता टेबलात.

त्याचं कारण गावात एकाच माणसाला ठाऊक होतं.

चाळीस मैलांवर हार्मनी नावाचं मोठं गाव होतं, आणि तिथून दर शुक्रवारी ‘प्रेअरी बिगुल’ निघायचा. आसपासच्या प्रत्येक वस्तीतून कुणी ना कुणी त्याला पत्र लिहायचं: कुणाकडे पाहुणे आले, कुणाची गाय व्याली, पाऊस किती झाला. बटरमिल्कचं पत्र शाळामास्तर लिहायचे. ते एका बाईच्या मागे कॅलिफोर्नियाला गेले. पुढचे तीन आठवडे ‘बिगुल’मध्ये गावाच्या नावाखाली दोनच शब्द छापून आले: ‘काही नाही.’

ते दोन शब्द ओबेडला लागले. गावात काही नाही कसं? त्याच आठवड्यात पाद्रीबाबांचा कृत्रिम दात सार्वजनिक फराळातल्या शेंगांच्या भांड्यात पडून हरवला होता! त्याने दौत काढली, आणि बाकीचे सगळे गावकरी जेवून डुलक्या काढत असताना दोन तास बसून एक पत्र लिहिलं. खाली सही केली: ‘कुंपणावरचा कावळा’. कोंडवाड्याच्या नोटिसा तो दर आठवड्याला ‘बिगुल’ला पाठवायचाच, त्याच लखोट्यात हेही पत्र गेलं. कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. एवढं करूनही ताकाला जाताना भांडं नीट लपलेलं असावं, म्हणून त्याने पत्राच्या शेवटी स्वतःचीच टर उडवली: ‘दाताचा तपास मार्शल टिल्सन करत आहेत. त्यांच्या गुडघ्याचा आवाज ऐकून दात आधीच सावध झाला असावा.’

आठवड्याने संपादकाची चिठ्ठी आली. तिच्यात चारच शब्द होते: ‘उत्तम. मार्शल आणखी घाला.’

आता, आयुष्यात ज्याला कुणी ‘उत्तम’ म्हटलेलं नाही अशा माणसाला ते एकदा म्हणून बघावं. ओबेडने मार्शल आणखी घातला. मार्शल कुत्र्याला बिल्ला घालायला गेला आणि कुत्र्यानेच मार्शलला अंगणात दोन तास धरून ठेवलं, हे घातलं. मार्शल धुराडं तपासायला छपरावर चढला आणि उतरायची हिंमत होईना म्हणून त्याने जेवण वर मागवलं, हेही घातलं. यातलं निम्मं खरं होतं. वर्षभरात बटरमिल्कचा कावळा तालुकाभर वाचला जाऊ लागला, आणि त्याच मापाने मार्शल टिल्सन तालुकाभर हास्यास्पद झाला. हार्मनीच्या बाजारात त्याला पाहून दोन अनोळखी बायका हसल्या, तेव्हा तो आधी खूश झाला आणि मग विचारात पडला.

ज्या एका माणसाला हे सगळं ठाऊक होतं तो बार्नी ड्वायर. बार्नी विहिरी खणायचा. दर शनिवारी संध्याकाळी भरपूर पिऊन तो आपणहून तुरुंगात यायचा, कोठडीची किल्ली खिळ्यावरून काढून आतून कुलूप लावायचा आणि सोमवारपर्यंत राहायचा. स्वतःची उशी घेऊन यायचा. बाहेर राहिलो तर मारामारी करीन, असं त्याचं म्हणणं. पण गावात त्याच्याशी मारामारी करील असं कुणी नव्हतं. ओबेड प्रत्येक पत्र आधी बार्नीला वाचून दाखवायचा. बार्नी हसला नाही तर ते वाक्य कापायचं, असा नियम होता.

“अरे मार्शल, तू स्वतःची कबर फार सुंदर खणतोस,” बार्नी एकदा म्हणाला. “आणि मी खणण्यातला जाणकार आहे.”

ते खरं होतं. गावचा मार्शल दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी हात वर करून निवडला जायचा. अकरा वर्षं दुसरं नावच पुढे आलं नव्हतं. या वर्षी मेयर ॲम्ब्रोज क्विगली यांनी आपल्या मेव्हण्याचं नाव पुढे केलं. क्विगलीसाहेबांचं दुकान होतं. खिळे, दोऱ्या, कागद आणि शवपेट्या तिथे मिळायच्या. मेव्हणा लूथर तेवीस वर्षांचा. त्याच्याकडे शिंपल्याच्या मुठीची दोन पिस्तुलं होती, आणि त्यांतल्या एकाने त्याने स्वतःच्या टोपीला भोक पाडलं होतं, तेही टोपी डोक्यावर असताना.

सप्टेंबर संपता संपता फिलेना बग्बीच्या खाणावळीत हा विषय निघाला. बग्बीबाई विधवा होत्या, अंगाने भरलेल्या, बोलायला धारदार. रोज दुपारी त्यांच्या लांब टेबलावर अर्धं गाव शेंगा, मक्याची भाकरी आणि सुक्या सफरचंदांचं सारण भरलेला, भट्टीत भाजलेला गोड ‘पाय’ खायला जमायचं.

“वर्षभर आपण वाचतोय,” मेयर तोंड पुसत म्हणाले. “हा टिल्सन छपरावर चढतो आणि जेवण वर मागवतो! तालुक्यात गावाची शोभा झाली.”

“शोभा कावळ्याने केली,” लोहार एनोक म्हणाला. एनोकचा आवाज एवढा मोठा होता की तो कुजबुजला तरी टेबलावरच्या बशा वाजायच्या. “पण कावळा खोटं लिहीत नाही. माझ्या बायकोच्या गाण्याबद्दल त्याने जे लिहिलं ते वीस वर्षं माझ्या मनात होतं.”

“मग कावळ्यालाच विचारा ना!” मेयर म्हणाले. “तो कोण आहे देवाला ठाऊक, पण त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस गावात नाही. मार्शल ठेवावा की बदलावा, त्याने पुढच्या अंकात सांगावं. सांगेल तसे हात वर करू.”

सगळ्यांना ही कल्पना फार आवडली. टेबलाच्या टोकाला ओबेड बसला होता. त्याच्या घशात भाकरीचा तुकडा अडकला आणि बार्नीने त्याच्या पाठीत दोन दणके घातले.

“तुमचं काय मत, मार्शल?” बग्बीबाईंनी पाय वाढता वाढता विचारलं.

“कावळ्याची मर्जी,” ओबेड म्हणाला.

“हं,” बग्बीबाई म्हणाल्या आणि त्याला जरा मोठा तुकडा वाढला.

तर असा प्रसंग आला. बाकीच्या उमेदवारांना दुसऱ्याकडून शिफारस आणावी लागते. ओबेडने फक्त टेबलाशी बसायचं होतं. तो बसला. शनिवार दुपार होती, बार्नी जरा लवकरच आत येऊन पडला होता.

ओबेडने पहिला मसुदा वाचला: “मार्शल टिल्सन म्हणजे सिंहाचं काळीज आणि गरुडाची नजर.”

बार्नी इतका हसला की खाटेवरून पडला.

“हे हसण्यासाठी नव्हतं,” ओबेड म्हणाला.

“मग जास्तच चांगलं झालंय!”

दुसऱ्या मसुद्यात सिंह काढून टाकला. तिसऱ्यात गरुडही गेला. रविवारभर तो लिहीत होता आणि खोडत होता. लूथरची बदनामी करून पाहिली, ती जमली, पण वाचताना स्वतःचीच लाज वाटली. स्वतःची स्तुती करायला जावं तर हात आपोआप टिंगलीकडे वळायचा, वर्षभराची सवय. कावळा मार्शलसाठी खोटं बोलायला तयार नव्हता. मार्शलला याचा राग आला आणि थोडंसं बरंही वाटलं.

मंगळवारी दुपारी बग्बीबाईंच्या परसातून आरडाओरडा ऐकू आला. त्यांच्या कोबीच्या वाफ्यात एक पांढरी, अवाढव्य डुकरीण निवांत उभी राहून सातवा गड्डा खात होती. ती लुक्रेशिया होती, मेयर क्विगलींची. सगळ्या गावाला माहीत होतं की ती दोन वर्षं लोकांचे कोबी खातेय. मेयरना तेवढं मान्य नव्हतं. मोकाट डुकरांविरुद्धचा नियम त्यांनीच केला होता, आणि ‘आमची लुक्रेशिया घरंदाज आहे, ती कुंपण ओलांडत नाही’ असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. पुढच्या आठवड्यात हार्मनीच्या जत्रेत तिला बक्षीस मिळणार, याची त्यांना खात्री होती.

ओबेडने तिला धरलं. तिने ओबेडला धरलं. अखेर पाऊण तासाने दोघंही कोंडवाड्यापाशी पोचले, आणि आत कोण जाणार हे काही काळ अनिश्चित होतं.

मग नोटीस लिहायला बसला तर कागद दोनच. गेल्या महिन्यापासून मेयरनी काटकसर म्हणून तुरुंगाला आठवड्याला चारच कागद मंजूर केले होते, आणि बाकीचे सिंह-गरुडांत गेले होते. पहिल्या कागदावर नोटीस लिहिताना चावलेल्या बोटामुळे शाईचा डाग पडला. दुसऱ्यावर स्वच्छ प्रत केली आणि कोंडवाड्याच्या दारावर ठोकली. तेवढ्यात डाकगाडीचं शिंग वाजलं. कावळ्याचं पत्र अजून कागदावर उतरलंच नव्हतं, आणि ही गाडी गेली की अंकही गेला.

ओबेडने डाग पडलेली नोटीस उलटी केली आणि पाठीवर लिहायला सुरुवात केली. आता खोडायला वेळ नव्हता, आणि त्यामुळेच की काय, हात सरळ चालला. पान भरलं. शेवटचं वाक्य ‘मार्शल टिल्सन म्हणजे, थोडक्यात सांगायचं तर’ एवढ्यावर आलं आणि जागा संपली. उरलेलं त्याने समासात आडवं, बारीक अक्षरात कोंबलं, आणि कागद घेऊन धावला. सगळ्या रस्त्याला त्याचा गुडघा ऐकू आला.

‘बिगुल’मध्ये छपाईचे खिळे जुळवणारी मिस ऑर्फा साठीच्या पुढची होती, आणि छापखान्यात आल्यापासून तिने एकच तत्त्व पाळलं होतं: कागदावर आहे ते जुळवायचं, अर्थ लावणं हे वाचणाऱ्याचं काम. तिला समासातली आडवी ओळ दिसली नाही. वाक्य अर्धवट आहे म्हटल्यावर तिने पान उलटलं आणि पुढे जुळवलं.

अंक शनिवारी गावात आला. खाणावळीत एनोकने तो वाचायला घेतला. ओबेड दाराशी उभा होता, पळून जायचं झालं तर सोपं पडावं म्हणून.

“‘बटरमिल्कचं पत्र, कुंपणावरच्या कावळ्याकडून,’” एनोकने सुरुवात केली. “‘गावाने मला विचारलं आहे की मार्शल कसा आहे. अकरा वर्षांत त्याने कुणाला मारलं नाही, आणि पत्र लिहिणाऱ्याचं यात फार नुकसान झालं आहे. टेकडीवर आपल्या गावची सोळा माणसं पुरलेली आहेत. तापाने गेली, म्हातारपणाने गेली, आणि एक जण खेचराच्या मागे उभा राहून गेला. गोळीने गेलेला एकही नाही. शेजारच्या गावांनी आपापल्या टेकडीवर जाऊन मोजावं.’”

एनोकने घसा साफ केला.

“‘मार्शल टिल्सन म्हणजे, थोडक्यात सांगायचं तर, मादी, वय अंदाजे पाच वर्षं, रंग पांढरा, डावा कान फाटका, वजन तीनशे पौंडांच्या आसपास. स्वभाव मानी. मंगळवारी बग्बीबाईंच्या कोबीत सापडली. पकडताना मार्शलला चावली. मालकाने खूण पटवून सोमवारी दुपारी बारापर्यंत सोडवून न्यावी. न नेल्यास भर चौकात लिलाव करण्यात येईल. सही, ओ. टिल्सन, मार्शल.’”

सगळ्यांनी वळून दाराशी उभ्या ओबेडला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तीनशे पौंड काही वाटत नाही अंगावरून,” कुणीतरी म्हणालं.

“स्वतःला चावला?” दुसऱ्याने विचारलं.

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट होती, आणि दुसऱ्या कुठल्या गावाने ती सोडलीही असती. पण बटरमिल्कमध्ये प्रत्येकाच्या जमिनीचा हक्क ‘बिगुल’मधल्या चार ओळींवर उभा होता. नोटीस छापायची, मुदतीत कुणी हरकत घेतली नाही की जमीन आपली. तीन वर्षांपूर्वी थॉर्नडाइक नावाच्या शेतकऱ्याच्या नोटिशीत ओढ्याच्या पश्चिमेऐवजी पूर्व छापलं गेलं, तेव्हा त्याने वाद घातला नाही. घराखाली ओंडके सरकवले, आठ बैल जुंपले आणि घर ओढ्याच्या पूर्वेला नेलं. बायको आत स्वयंपाक करत होती. छापील नोटिशीशी भांडायचं नसतं, हे इथलं मूलही जाणत होतं.

मेयर क्विगली हळूच हसले. “छापलं ते छापलं,” ते म्हणाले. “नोटीस टिल्सनची आहे. सोमवारी बारापर्यंत कुणी सोडवलं नाही, तर टिल्सन लिलावात. आणि लिलावात निघालेला माणूस मार्शल राहू शकत नाही.”

मार्शल निवडायचाही तोच सोमवार होता, म्हणून साडेअकरापासून तुरुंगापुढे सगळं गाव जमलं. मागेच कोंडवाडा होता आणि त्यात लुक्रेशिया. मेयर पेटीवर चढले, खिशातलं घड्याळ काढलं आणि बोलू लागले. त्यांचा आवाज ऐकताच कोंडवाड्यातून आनंदाची एक किंकाळी आली.

“बटरमिल्कच्या नागरिकांनो,” मेयर म्हणाले.

“ऊंऽईऽ!” लुक्रेशिया म्हणाली.

मेयर थांबले. तीही थांबली.

“या गावाला आज—”

“ऊंऽईऽ!”

“क्विगलीसाहेब, कुणीतरी ओळखीचं दिसतंय,” बार्नी गर्दीतून म्हणाला.

“मी त्या जनावराला ओळखत नाही!” मेयर ओरडले, आणि कोंडवाड्याची फळी हादरली.

तेव्हा बग्बीबाई पुढे आल्या. अंगावर ॲप्रन तसाच, हाताला पीठ. “मी सोडवायला आले आहे,” त्या म्हणाल्या.

“कुणाला?”

“नोटिशीतल्याला. मार्शलला. खूण पटवायची ना? पायरी उतरताना उजवा गुडघा वाजतो. पायची कड आधी खातो आणि आतलं शेवटाला राखून ठेवतो. पाहुणे नसले की दोनदा वाढून घेतो.”

गर्दी खदखदली. ओबेडचे कान लाल झाले, दोन्ही, आणि दोन्ही शाबूत.

“नोटिशीत मादी लिहिलंय!” मेयर म्हणाले. “खूण पटत नाही!”

“नाही पटत?” बग्बीबाई शांतपणे म्हणाल्या. “मग नोटीस मार्शलची कशी? छापलं ते छापलं, पण कुणाबद्दल छापलं ते तर बघाल? वर्णन ज्याच्यावर बसेल त्याची नोटीस. एनोक, त्या बाईसाहेबांना बाहेर आण.”

तर बटरमिल्कच्या भर चौकात मार्शल आणि डुकरीण शेजारी शेजारी उभे राहिले, आणि एनोकने ‘बिगुल’ हातात घेऊन एकेक कलम तपासायला सुरुवात केली.

“रंग पांढरा.”

“मार्शल, टोपी काढ,” कुणीतरी ओरडलं. ओबेडने टोपी काढली. टोपीखालचं कपाळ दुधासारखं होतं, बाकी चेहरा खोगिरासारखा. अर्धा गुण मिळाला.

“डावा कान फाटका.” डुकरीण.

“वजन तीनशे.” डुकरीण.

“स्वभाव मानी.” इथे थोडा वाद झाला. एका म्हातारीचं म्हणणं, मार्शल तिच्याशी एकदा दोन महिने बोलला नव्हता. पण तेवढ्यात लुक्रेशियाने लूथरच्या पायावर पाय दिला आणि बाजूला झाली नाही. डुकरीण.

“मार्शलला चावली.”

ओबेडने बोट वर केलं. बोटाला चिंधी होती.

“वर्णन डुकरिणीवर बसतं,” एनोकने जाहीर केलं, आणि तुरुंगाच्या खिडकीची काच वाजली. “नोटीस डुकरिणीची. बाराला किती कमी?”

सगळ्यांनी मेयरकडे पाहिलं, कारण घड्याळ त्यांच्याच हातात होतं.

“चार मिनिटं,” मेयर बारीक आवाजात म्हणाले.

“मालक कुणी आहे?” एनोकने विचारलं. मेयर घड्याळाकडेच पाहत राहिले. “नाही? बरं. तीनशे पौंड.” तो लुक्रेशियाभोवती एक फेरी मारून आला. “मागच्या जानेवारीपासून घरात डुकराचं मांस नाही. मागच्या तंगड्यांना धूर द्यायचा. पाठीचं खारवायचं. डोकं—”

“डोकं कशाला!” मेयरच्या तोंडून निघालं.

“डोक्याचं माझी बायको फार छान करते. गाण्यापेक्षा छान.”

“तीन मिनिटं,” बार्नीने मेयरच्या खांद्यावरून वाकून पाहत सांगितलं.

लुक्रेशिया चालत आली, मेयर उभे होते त्या पेटीला तिने अंग घासलं आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ मिटलं.

“माझी आहे,” ते म्हणाले.

“मोठ्याने,” बग्बीबाई म्हणाल्या.

“माझी आहे ती! माझी! दोन वर्षं माझीच होती! कोबी भरून देतो, सगळ्यांचे देतो, पण हा माणूस तिच्याकडे असा बघतोय तो आधी बंद करा!” आणि ते पेटीवरून उतरले आणि तिच्या गळ्यात पडले.

नोटीस अशी निकालात निघाली. पत्रात उरली ती फक्त कावळ्याची ओळ, टेकडीवरच्या सोळा माणसांची. एनोकने ती पुन्हा एकदा वाचली, त्याच्या मानाने हळू आवाजात. मग हात वर झाले. लूथरचाही झाला, पाय सुजला होता आणि त्याला घरी जायचं होतं.

“एक मिनिट!” मेयर डुकरिणीच्या गळ्यात पडल्या पडल्याच म्हणाले. हार मानली तरी डोकं चालू होतं. “कावळ्याच्या पत्रात मार्शलची नोटीस आली कशी? पत्र मार्शलच्या कागदावर लिहिलं होतं! म्हणजे कावळा...”

सगळ्या माना ओबेडकडे वळल्या. त्याला एकदम आठवलं, गेल्या वर्षभरात त्याने या चौकातल्या कुणालाही सोडलं नव्हतं. एनोकच्या बायकोचं गाणं. पाद्रीबाबांचा दात. समोरच्या म्हातारीच्या खारवलेल्या काकड्या. हात खाली येण्याच्या बेतात होते.

“कावळा मी आहे,” बार्नी ड्वायर म्हणाला आणि टोपी काढली. “दर शनिवारी आत असतो. कागद मार्शलचे, वेळ माझा. माणूस काहीतरी करणारच.”

मग एनोकने त्याला उचलून खांद्यावर घेतलं, आणि गाव त्याला समोरच्या गुत्त्यात घेऊन गेलं. ज्यांची ज्यांची टिंगल झाली होती ते सगळ्यांत पुढे होते. आपल्यावर पुन्हा लिहावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुपारभर गुत्त्याच्या उघड्या दारातून बार्नीचा आवाज येत राहिला. आपण कसं लिहितो ते तो सांगत होता. आधी शांत बसायचं, तो म्हणत होता, मग मनातल्या मनात रडायचं, मग विनोद आपोआप येतो. सगळे माना डोलवत होते. ओबेड तुरुंगाच्या पायरीवर बसून ऐकत होता. बिल्ला छातीवर होता, खोली राहिली होती, टेबल राहिलं होतं. तरी बिल्ल्याच्या जरा आत, डावीकडे, काहीतरी खुपत होतं. ‘मनातल्या मनात रडायचं’ म्हणे! वर्षभरात बार्नीने एकदाच काही सुचवलं होतं, आणि ते खेचरांबद्दल होतं.

ऊन कलल्यावर तो उठला आणि खाणावळीच्या मागच्या दाराशी गेला. बग्बीबाई उरलेले कोबी कापत होत्या.

“आभार मानायला आलो,” तो म्हणाला. “सोडवल्याबद्दल.”

“मी तर कोबीसाठी आले होते,” त्यांनी मान वर केली नाही. सुरी चालू राहिली. “एक विचारू, मार्शल?”

“विचारा.”

“वर्षभरात कावळ्याने गावातल्या सगळ्यांना टोचा मारल्या. माझ्या पायबद्दल कधी एक शब्द नाही. आख्खं गाव तो खातं, आणि मागच्या बुधवारी तर बूट शिवायला चालला असता इतका चिवट होता. लोक म्हणतात मी कावळ्याला लाच देते.”

“बार्नीला विचारतो,” ओबेड म्हणाला.

“बार्नीला लिहिता येत नाही. त्याची चिठ्ठी मीच वाचून दाखवते, त्याच्या बहिणीची. उत्तरही मीच लिहिते.” आता त्यांनी सुरी खाली ठेवली. “‘थोडक्यात सांगायचं तर’ आणि पुढे डुकरीण. पण त्याआधी तिथे काहीतरी वेगळं असणार. काय होतं?”

ओबेडने दाराच्या चौकटीकडे पाहिलं, मग बाहेर. पंपाच्या दोन्ही धारांखाली दोन बादल्या भरत होत्या. त्याच्या अंगात जेवढी पळून जायची शक्ती होती तेवढी मंगळवारीच संपली होती.

“थोडक्यात सांगायचं तर,” तो म्हणाला, “माणूस फारसा कामाचा नाही, पण आता सवयीचा झालाय.”

बग्बीबाईंनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना ॲप्रनने डोळे पुसावे लागले, आणि पीठ डोळ्यांत गेलं, आणि ते धुवायला ओबेडला पंपावरून बादली आणावी लागली.

“पायबद्दल लिहा,” तोंडावरून पाणी निथळत असताना त्या म्हणाल्या. “चिवटपणाचं नीट लिहा. बुटाचं घाला.” मग त्यांनी खुर्ची ओढली. “आणि बसा. कागद माझ्याकडे आहे.”